जगणं-मरणं ज्याचं त्याने ठरवावं का? आत्महत्या रोखण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. कॉलेजात, सोसायट्यांत, कधी बचत गटाच्या मीटिंगला आत्महत्या रोखण्यावर बोलायला जातो. माईक फिरवला की कोणी काही विचारत नाही, चहा सुरू झाला की मात्र एकेक जण बाजूला घेऊन विचारतो आणि खरे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केलेत. उत्तरांत माझी मतं पण आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

आधी हे सांगा, असे विचार मलाच येत असतील तर?

तर बाकीचं नंतर वाचा, वाद कुठे पळून जात नाहीये. १४४१६ ला फोन लावा. सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "मला बरं वाटत नाहीये, जगावंसं वाटत नाहीये" एवढं सांगितलं तरी पुढचं समोरचा माणूस विचारतो. आजची रात्र एकटे राहू नका, कोणाला तरी घरी बोलवा नाहीतर तुम्ही कोणाकडे जा. जीवाला धोका असेल तर ११२ किंवा जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

वाद नेमका काय आहे?

एक बाजू म्हणते शरीर माझं, आयुष्य माझं, लग्न कोणाशी करायचं, ऑपरेशन करायचं की नाही हे जर मी ठरवतो तर जगायचं की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण. दुसरी बाजू म्हणते की त्या क्षणी तो माणूस ठरवतच नसतो, त्याचं दुखणं ठरवत असतं, म्हणून आधी अडवा आणि मग बोला.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने एक उदाहरण दिलंय ते मला अजून सगळ्यात कामाचं वाटतं. पूल मोडकळीला आलाय, एक माणूस त्यावरून निघालाय, ओरडून सांगायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढलंत तर तुम्ही त्याचं स्वातंत्र्य हिरावलं असं होत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नाहीये. आणि हे लिहिणारा माणूस स्वातंत्र्याचा कट्टर पुरस्कर्ता, लोकांच्या आयुष्यात लुडबुड करू नका म्हणणारा. पण त्याला धरून ठेवायचं किती वेळ? पूल मोडकाय हे त्याला कळेपर्यंत, का जन्मभर? झगडा सगळा इथे आहे. अडवावं का याला बहुतेक लोक हो म्हणतात, अडवल्यानंतर काय यावर फाटे फुटतात.

ज्याला मरायचंच आहे तो आज नाही उद्या करणारच ना?

हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की वाटतं सिद्ध झालेलं असेल, पण अभ्यास उलटंच सांगतात. अमेरिकेत एका ठिकाणी ऐनवेळी अडवलेल्या ५१५ लोकांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला, तो अभ्यास १९७८ मधे छापून आला. त्यातले साधारण ९४ टक्के लोक नंतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. लोकांची दुःखं तेवढी कमी झाली होती का? नाही, २००९ पर्यंत तर तिथे यादवी चालू होती. तो क्षण टळला की बऱ्याच जणांचा पुढचा दिवस येतो, आणि पुढचा दिवस आला की निदान काहीतरी हलायला जागा मिळते.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर याने वाद मिटत नाही. शंभरातल्या नव्वदांना नंतर जगावंसं वाटलं म्हणून उरलेल्या दहांचं ऐकायचंच नाही असा अर्थ निघत नाही. एवढंच निघतं की त्या रात्री समोरचा नव्वदातला आहे की दहातला हे कोणालाच कळत नसतं, त्याला स्वतःलाही नाही, म्हणून थांबवण्याच्या बाजूने चूक झालेली परवडते कारण ती दुरुस्त करता येते.

आत्महत्येचा प्रयत्न हा अजून गुन्हा आहे का?

जवळपास नाही. पण इथपर्यंत कसे आलो ती गोष्ट सांगतो, कारण ती सुरू मुंबईत झाली.

भारतीय दंड संहितेचं कलम ३०९, इंग्रजांच्या काळातलं, १८६० चं. प्रयत्न फसला तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे मेलात तर सुटलात, वाचलात तर आरोपी. १९८५ ला मुंबई पोलिसातल्या एका शिपायाने महापालिका कार्यालयाबाहेर असा प्रयत्न केला. त्याला आधी अपघातात मार लागला होता, त्यानंतर मानसिक आजार जडला होता, आणि बायकोला भाजीचा स्टॉल टाकायला परवाना हवा होता. त्याच्यावर ३०९ लावलं. त्याच्या आडनावावरून हा दुबळ खटला. १९८६ मधे मुंबई हायकोर्टात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प बसण्याचं स्वातंत्र्य येतं, तसं जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्कही येतो, असा साधारण युक्तिवाद. शिवाय असंही म्हटलं की अशा माणसाला उपचार लागतात, कोठडी नाही.

१९९४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी रथिनम खटल्यात हेच मान्य केलं. पण दोनच वर्षांत, १९९६ ला, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सगळं उलटं फिरवलं आणि सांगितलं की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क नाही. ३०९ परत जिवंत.

मग मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला. त्याचं कलम ११५ म्हणतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही. त्याला उपचार देणं, पुनर्वसन करणं आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये हे बघणं सरकारवर बंधनकारक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात ३०९ सारखं सरसकट कलमच ठेवलेलं नाही.

म्हणजे कायद्याने मरायचा हक्क दिला की!

नाही दिला. दुबळ खटल्याच्या निकालात "त्याचा हक्क आहे" हा सूर होता, २०१७ च्या कायद्यात "तो ताणात होता" हा सूर आहे. शिक्षा दोन्हीकडे जाते पण माणसाकडे बघायची नजर पूर्ण वेगळी. स्वायत्ततावाले, म्हणजे "आयुष्य माझं" म्हणणारे, म्हणतात बघा, आम्हाला तुरुंगातून काढलं आणि पेशंट करून टाकलं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तरी मला विचाराल तर आपल्याकडे पेशंट होणं हे आरोपी होण्यापेक्षा हजारपट बरं.

आणि त्या शिपायाची केस परत वाचा. कोर्टात चर्चा झाली जगण्या-न जगण्याच्या तत्त्वज्ञानाची, माणसाला हवा होता भाजीच्या स्टॉलचा परवाना आणि नीट औषधपाणी. "ही त्याची निवड होती" म्हणायच्या आधी त्याच्यापुढे पर्याय काय होते ते बघायची सवय मला तिथून लागली, आणि ती या वादात सगळीकडे उपयोगी पडते.

"जवळपास नाही" म्हणालात, मग उरलंय काय?

न्याय संहितेचं कलम २२६. सरकारी नोकराने एखादं काम करावं किंवा करू नये म्हणून दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा समाजसेवेची शिक्षा. आता बघा गंमत, दुबळ खटल्यासारखी केस आज घडली तर ती ११५ मधे बसेल का २२६ मधे? उपोषणाचं काय? इरोम शर्मिलांना उपोषणापायी वर्षानुवर्षं ३०९ खाली अटकेत ठेवलं होतं, त्या जीव द्यायला नाही तर अफस्पा, म्हणजे लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा, रद्द करून घ्यायला बसल्या होत्या. गांधींच्या देशात आमरण उपोषणाला काय म्हणायचं हे अजून नीट ठरलेलं नाही.

मंत्रालयात २०१८ ला आत चौकात जाळी बसवली. बरोबर केलं, जीव वाचतात, वर श्रीलंकेचं सांगितलं तेच तत्त्व. पण पुढे त्याच जाळीवर आंदोलनं व्हायला लागली, २०२४ च्या ऑक्टोबरात तर विधानसभेचे उपाध्यक्षच आपल्या मागण्यांसाठी त्या जाळीवर उतरले. जाळीने जीव वाचतो हो, पण गावाहून एसटीने येऊन सहाव्या मजल्यापर्यंत फाइल घेऊन फिरणाऱ्या माणसाची फाइल जाळीने हलत नाही.

हॉस्पिटलमधे तरी पोलीस येतातच, ते कसं?

येतात, कारण कॅज्युअल्टीत केस आली की एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं आणि जबाब घेतला जातो. खटला नाही झाला तरी खाकी दिसली की घरच्यांची गाळण उडते. मग काय होतं ते मी बाकावर बसून बघितलंय. मोठा भाऊ डॉक्टरच्या मागे मागे फिरतोय, "साहेब, केसपेपरवर चुकून घेतलं असं लिहा ना", आई मान हलवतेय, आणि आत स्ट्रेचरवरच्या पोरीला कोणी विचारलेलंच नाही की बाई काय झालं होतं. पेपरवर "चुकून" आलं की मानसोपचार विभागाला कॉल जात नाही, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज, पोरगी परत त्याच घरात. घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही, अब्रू, लग्न, पोलीस स्टेशनच्या फेऱ्या हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. त्यांना एवढं कोणीतरी तिथल्या तिथे सांगायला हवं की ११५ कलमानुसार केस होत नाही, खरं सांगा.

एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध ॲडमिट करता येतं का?

येतं, पण सिनेमात दाखवतात तसं नाही. २०१७ च्या कायद्याने मुळात असं धरलंय की प्रत्येक माणसाला स्वतःच्या उपचाराचा निर्णय घ्यायची क्षमता आहे, आणि कलम ४ मधे स्पष्ट लिहिलंय की एखाद्याचा निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं म्हणता येणार नाही. हे वाक्य प्रत्येक वॉर्डात लावलं पाहिजे.

इमर्जन्सीत, जीवाला धोका असेल तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, तेही नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणारा माणूस, हजर असेल तर त्याची संमती घेऊन. शॉक ट्रीटमेंट त्यात बसत नाही. त्यापुढे कलम ८९ खाली, नुकताच स्वतःला इजा करायचा प्रयत्न झालाय किंवा धमकी दिलीये अशा स्थितीत, प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासल्यावर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. आणि पेशंटला याविरुद्ध मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे दाद मागता येते.

मला ही रचना पटते. मिलच्या पुलाला कायद्याने घड्याळ लावलंय, ७२ तास, ३० दिवस, आणि कोणीतरी तिसरा बघणार. घोळ होतो तो कागदावर नाही, प्रत्यक्षात. तिथे पेशंटला सांगितलं जातं "चल जरा बीपी तपासून येऊ" आणि गेट बंद होतं. जीव त्याने वाचेलही, पण तो माणूस पुढच्या वेळी असे विचार आले तर तुम्हाला सांगेल का? कधीच नाही. खोटं बोलून केलेली मदत पुढच्या मदतीचा रस्ता बंद करते. हेच "पोलिसात देईन" म्हणणाऱ्यांना आणि बायकोच्या विरोधात वापरता येईल म्हणून ॲडमिट करणाऱ्यांना लागू, अशीही लोकं आहेत बरं का.

मित्राने सांगितलंय आणि शपथ घातलीये कोणाला सांगू नको. काय करू?

शपथ मोडा. पण चोरून नाही, त्याला सांगून मोडा. "हे मी एकटा नाही पेलू शकत, तुझ्या ताईला सांगतोय, तुला दुसरं कोणी चालेल का?" असं विचारा. कोणाला सांगायचं, कधी, तो समोर असताना की नसताना, हे त्याला ठरवू द्या. मोठा निर्णय तुम्ही घेतलात, बारके चार त्याच्याकडे ठेवलेत, आणि त्या अवस्थेत ते चार पण खूप असतात. आणि सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने डोक्यात कल्पना जाते हा गैरसमज आहे.

हेल्पलाइनवाले परस्पर पोलीस पाठवतात का?

जगभर यावर दोन घराणी आहेत म्हणा ना. ब्रिटनमधे चॅड वॅराह नावाच्या पाद्रीने १९५३ ला समॅरिटन्स सुरू केलं, त्यांची परंपरा अशी की फोन करणाऱ्याचा निर्णय शेवटी त्याचा, आम्ही ऐकणार, काही ठरावीक अपवाद सोडले तर त्याच्या मर्जीशिवाय कोणाला पाठवणार नाही. अमेरिकेतल्या ९८८ लाइनवर मात्र धोका अगदी तोंडावर असेल आणि बोलून काही होत नसेल तर परवानगीशिवायही मदत पाठवली जाते. पहिल्यांवर टीका होते की तुम्ही नुसते ऐकत बसता, दुसऱ्यांवर टीका होते की दारात पोलीस येतील या भीतीने लोक खरं बोलतच नाहीत, आणि अमेरिकेत काळ्या माणसाच्या दारात पोलीस येणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मी ऐकणाऱ्यांच्या बाजूला झुकतो, पण लहान मूल फोनवर असेल तर मात्र अजिबात नाही. तुम्हाला शंका असेल तर फोनवर पहिल्या मिनिटात विचारा, "माझी माहिती कोणाला देता का?" विचारायचा पूर्ण हक्क आहे.

अरुणा शानबागची केस, लिव्हिंग विल, हे पण यातच येतं ना?

शेजारी राहतं, पण घर वेगळं. केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मधे हल्ला झाला, त्यानंतर त्या जवळपास ४२ वर्षं अंथरुणावर होत्या, २०१५ मधे गेल्या. २०११ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाबतीत परवानगी नाकारली पण निष्क्रिय दयामरणाचा, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचा, दरवाजा किलकिला केला. मला यात कायम आठवतात त्या केईएमच्या नर्सेस, ज्यांनी इतकी वर्षं त्यांना सांभाळलं आणि कोर्टात सांगितलं की आम्ही करतो, तुम्ही काळजी करू नका.

९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या पत्राला, मान्यता दिली, जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं होण्याची आशा नसलेल्या पेशंटला व्हेंटिलेटरवर ताणत ठेवायचं नाही, एवढंच हे आहे. गोव्यात २०२४ मधे हायकोर्टाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतः असं पत्र करून पायंडा पाडला. ७८ वर्षांच्या कॅन्सर पेशंटने "आता नळ्या नकोत" म्हणणं आणि २२ वर्षांच्या मुलाने बॅकलॉग राहिला म्हणून टोकाला जाणं यांना एकाच तागडीत टाकू नका, पहिल्याचा हक्क मागताना दुसऱ्याचं प्रकरण हलकं होतं.

मग ज्ञानेश्वरांची समाधी, सावरकर, विनोबा? ते चाललं?

हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा डोळा मारून विचारतो. संजीवन समाधी हा श्रद्धेचा विषय आहे, तिला आजच्या कायद्याच्या फूटपट्टीने मोजण्यात अर्थ नाही. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक केला, जीवनकार्य संपल्यावर समाधानाने जाणं वेगळं म्हणाले, आणि फेब्रुवारी १९६६ मधे ८२ व्या वर्षी अन्न-औषध थांबवून गेले. विनोबा नोव्हेंबर १९८२ ला पवनारला तसेच गेले. जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे मरेपर्यंत उपवासाच्या व्रताला, राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट २०१५ मधे आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिनाअखेर सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली.

समाधी बाजूला ठेवली तर बाकीच्यांत समान काय, तर बहुतेकांचं वय झालेलं, आजूबाजूला माणसं, सगळं उघड, आणि दिवसेंदिवस चालणारी प्रक्रिया ज्यात मागे फिरायला वाव आहे. रात्री दोन वाजता खोलीची कडी लावून घेतलेल्या निर्णयात यातलं काहीच नसतं. तरी माझी एक कुरकुर आहेच, घरातल्या म्हातारीने जेवण सोडलं तर ते वैराग्य आहे का सुनेला त्रास नको म्हणून आहे का न ओळखलेलं डिप्रेशन आहे, हे तपासल्याशिवाय हात जोडू नका.

परदेशात तर हे कायदेशीर आहे म्हणे?

नेदरलँडमधे २००२ पासून आहे, स्वित्झर्लंडमधे स्वार्थी हेतू नसेल तर मदत करणं गुन्हा नाही. बोलण्यासारखं आहे ते कॅनडाचं. २०१६ ला मरणासन्न लोकांसाठी सुरू केलं, २०२१ ला मृत्यू जवळ नसलेल्या आजारी-अपंगांसाठीही उघडलं, आणि फक्त मानसिक आजार असलेल्यांचा मुद्दा २०२७ पर्यंत पुढे ढकललाय. तिथल्या अपंगांच्या संघटना या विस्ताराविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की घर मिळत नाही, मदतनीस मिळत नाही, मरण मात्र मिळतं, याला निवड कसं म्हणायचं. परत तोच भाजीच्या स्टॉलचा परवाना.

शेतकरी आत्महत्या म्हणजे मानसिक आजार का? आम्हाला तर हे ऐकून राग येतो.

रास्त राग आहे. कर्ज, भाव, पाऊस यांचं उत्तर गोळी नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, देशात सगळ्यात जास्त, आणि यात सगळेच शेतकरी नाहीत, कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण ही कारणं वर आहेत. पण "सगळं सरकारचं पाप, समुपदेशन म्हणजे धूळफेक" हेही मला पटत नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच लोकांना शिकवून नैराश्य ओळखायचं, बोलायचं, गरज लागली तर डॉक्टरकडे न्यायचं आणि सरकारी योजनांशीही जोडून द्यायचं. दीड वर्षात उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सहापट झालं. दोन्ही एकत्र केलं होतं म्हणून चाललं असं मला वाटतं.

मुलाचा फोन रोज तपासतो, दार लावू देत नाही. बरोबर करतोय ना?

पहिले काही दिवस, डॉक्टरने सांगितलं असेल तर हो. घरातली औषधं, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, हे कायमचं करा आणि घरातल्या सगळ्यांसाठी करा. पण सहा महिन्यांनी पण बाथरूमचं दार उघडं ठेवायला लावत असाल तर तो तुमच्या मनाच्या समाधानासाठी चाललेला पहारा आहे. कधी थांबायचं हे त्याच्यासमोर डॉक्टरला विचारा.

मी ठीक असताना पुढच्यासाठी काही लिहून ठेवता येतं का?

येतं आणि हे कोणालाच माहीत नसतं. लिव्हिंग विल वेगळं आणि हे वेगळं. २०१७ च्या कायद्याच्या कलम ५ खाली कोणीही सज्ञान माणूस ठीक असताना लेखी देऊ शकतो की मला मानसिक आजार झाला तर उपचार कसे करावेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. बाप नको, मावशी चालेल, असं लिहिता येतं. लिहून मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे नोंदवायचं, एक प्रत त्या मावशीकडे, एक डॉक्टरकडे. इमर्जन्सीच्या उपचारांना ते थांबवू शकत नाही, म्हणजे "मला वाचवू नका" हे त्यात चालणार नाही. पण कुठलं औषध मला मागे सोसलं नव्हतं, बांधून ठेवू नका, माझ्या कुत्र्याला कोण बघेल, ऑफिसला काय सांगायचं, हे सगळं चालतं. एका पानात होतं, मराठीत लिहिलं तरी चालतं.